शस्त्रक्रियेनंतरची रात्र : दक्षिण मलावीतल्या एका जिल्हा रुग्णालयातल्या प्रकल्प नोंदी

१५ जानेवारी २०२४

आज कामाची दिशा पक्की झाली. इथं मी जनरल सर्जन म्हणून आलो तो ऑपरेशनं करायला आणि क्लिनिकल ऑफिसरांना, म्हणजे डॉक्टर नसले तरी उपचार आणि ऑपरेशनं करायला शिकलेल्या लोकांना, शिकवायला. गेले काही दिवस मात्र इथले सर्वांत अनुभवी क्लिनिकल ऑफिसर आणि मी संध्याकाळी ओटीचं, म्हणजे ऑपरेशन थिएटरचं, रजिस्टर आणि वॉर्डातलं मृत्यूंचं रजिस्टर शेजारी ठेवून एकेक नाव जुळवत बसलो होतो. टेबलावर पेशंट गेल्याची नोंद जवळपास नाहीच. पोट उघडलं, आतडं शिवलं, पेशंट भुलीतून उठला, वॉर्डात पोचला. मग पहिल्या, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या रात्री गेला. वेळ बहुतेक पहाटे पाचची लिहिलेली, म्हणजे सिस्टरांची सकाळची फेरी सुरू होते ती. खरा किती वाजता गेला ते कुणालाच माहीत नाही.

हे आमच्याच रुग्णालयाचं दुखणं नाही. 'लॅन्सेट'मध्ये २०१८ साली आफ्रिकेतल्या २५ देशांतल्या २४७ रुग्णालयांचा अभ्यास आला होता, ११ हजारांवर पेशंटांचा. ऑपरेशनला आलेले लोक जगाच्या सरासरीपेक्षा तरुण, इतर आजार कमी, गुंतागुंतीचं प्रमाणही इतर देशांसारखंच. तरी मृत्यूचं प्रमाण दुप्पट. आणि जे गेले त्यांतले ९४ टक्के ऑपरेशनचा दिवस उलटून गेल्यावर गेले.

तेव्हा प्रकल्प असा : ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन रात्री. नवं यंत्र मागवायचं नाही, बाहेरून माणसं आणायची नाहीत. आहेत त्या हातांनी आणि आहे त्या सामानात जे बसेल तेवढंच करायचं. सुरुवात पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डापासून.

२२ जानेवारी

वॉर्ड म्हणजे एक लांबट खोली. खाटा चाळीस, पेशंट साठच्या आसपास. उरलेले दोन खाटांमधल्या जागेत चटईवर. रात्री एक सिस्टर आणि एक मदतनीस. प्रत्येक पेशंटबरोबर घरचं एक माणूस असतं, त्याला इथं सगळे 'गार्डियन' म्हणतात. हा गार्डियन पेशंटचं अंग पुसतो, आवारातल्या चुलींवर न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं जेवण, रटरटवून आणतो, कपडे धुतो आणि रात्री खाटेखाली चितेन्जे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, अंथरून आडवा होतो. आपल्याकडच्या सिव्हिल हॉस्पिटलात काम केलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही. फरक एवढाच की इथं गार्डियन धरूनच सगळी व्यवस्था उभी आहे; तो नसेल तर पेशंटला पाणीसुद्धा मिळणार नाही.

आज फक्त एवढंच पाहिलं की सिस्टरांच्या टेबलावरून कोणत्या खाटा दिसतात. टेबलाजवळच्या सगळ्या खाटांवर मांडीचं हाड मोडलेले, ट्रॅक्शनवरचे लोक. सायकलवरून, मालाच्या ट्रकवरून, आंब्याच्या झाडावरून पडलेले. गुडघ्याखालच्या हाडातून पिन घालून वजन लावायचं, खाटेचा पायाकडचा अर्धा भाग काढून ठेवायचा आणि पेशंटकडून रोज गुडघा वाकवून घ्यायचा, ही पर्किन्स पद्धत इथले ऑर्थोपेडिक क्लिनिकल ऑफिसर फार निगुतीनं करतात. या देशात त्यांचं खास प्रशिक्षण १९८५ पासून चालू आहे आणि ते हातात दिसतं. पण हे पेशंट सहा-सहा, आठ-आठ आठवडे राहतात, तब्येतीनं ठणठणीत असतात आणि टेबलासमोरच्या जागा त्यांच्याच झालेल्या असतात. आज पोट उघडलेला माणूस मग जिथं खाट रिकामी असेल तिथं जातो : टोकाच्या कोपऱ्यात, जिथला दिवा कधीचा गेलेला आहे.

मेट्रनशी बोललो. चार खाटा ऑपरेशनच्या पेशंटांसाठी टेबलासमोर हव्यात, असं म्हटलं. त्यांनी लगेच होकार दिला नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. ट्रॅक्शनची खाट ओढत नेली तर वजन हलतं, हाड सरकतं. शेवटी ठरलं की त्या खाटा सक्तीनं हलवायच्या नाहीत. ट्रॅक्शन सुटेल तसतशी एकेक जागा आमच्याकडे येईल. कोपऱ्यातला दिवा मात्र आजच्या आज लागला.

२९ जानेवारी

नाडी, बीपी, श्वास, लघवी, शुद्ध. पहिल्या रात्री हे तासातासाला बघायला हवं, असं पुस्तक सांगतं. साठ पेशंटांमागे एका सिस्टरला ते शक्य नाही. म्हणून गार्डियनला कामात घ्यायचं.

त्यातल्या त्यात सगळ्यात बोलका श्वास. पोटात पू साठला, आत रक्तस्राव सुरू झाला, फुप्फुस बिघडलं, काहीही झालं तरी श्वास आधी वाढतो. बीपी बिचारं शेवटपर्यंत तग धरून राहतं आणि मग एकदम कोसळतं. पण श्वास मोजायला घड्याळ लागतं, आणि कितीतरी गार्डियनांकडे ते नसतं. मी मिनिटभराचं वाळूचं घड्याळ मिळतंय का, याच्या चौकशीत होतो. रात्रपाळीच्या सिस्टरांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, घड्याळ कशाला? त्यांचा स्वतःचा श्वास आहे की."

मग त्यांनी एका म्हाताऱ्या बाईंना शेजारी बसवून करून दाखवलं. एक हात स्वतःच्या छातीवर, दुसरा पेशंटच्या छातीवर, जखमेपासून दूर. बाईंना म्हणाल्या, आपला एक श्वास होईतो पेशंटचे दोन होऊ लागले की मला उठवायचं. मी झोपलेली असले तरी, दुसऱ्या पेशंटपाशी असले तरी.

मी घड्याळ लावून पडताळून पाहिलं. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १५-१६ असतो, त्याची दुप्पट म्हणजे तीसच्या वर. कुठल्याही धोक्याच्या तक्त्यात तीस ही लाल रेषाच आहे.

याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी ठरवल्या. लघवीच्या पिशवीवर चिकटपट्टी लावून रेघ मारायची. मध्यरात्रीपर्यंत लघवी रेघेला पोचली नाही तर सांगायचं. हातपाय गार पडले तर सांगायचं. आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा हाक मारून उठेना, तर लगेच. बस्स, चारच. पाचवी घातली की पहिली विसरली जाते, हे आपल्याकडच्या आशाताईंबरोबर काम करताना पाहिलेलं आहे.

३ फेब्रुवारी

बारा वर्षांचा मुलगा. तीन आठवडे ताप, तीन दिवस पोटदुखी. पोटावर ब्लेडनं मारलेल्या बारीक चिरा, त्यांत काळी पूड. आधी गावातल्या वैदूकडे, म्हणजे सिंगांगाकडे नेलं होतं. मग आरोग्य केंद्र, मग आम्ही. पावसाळ्यात टायफॉइड वाढतो आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला भोक पडतं. पोट फळीसारखं कडक होतं. एक्स-रेची गरज नव्हती.

ओटी तयार होती, तरी लगेच घेतलं नाही. दोन्ही हातांना सलाइन, नाकातून पोटात नळी, लघवीची नळी, सेफ्ट्रिअॅक्सोन आणि मेट्रोनिडॅझोल. तीस किलोचा मुलगा. तासाला तीस मिलीच्या आसपास लघवी येऊ लागेपर्यंत थांबलो. शिकाऊ क्लिनिकल ऑफिसर अस्वस्थ झाले होते, उशीर होतोय असं त्यांना वाटत होतं. पण सुकलेल्या पोराला भूल दिली तर तो टेबलावरच जातो. हे दोन-तीन तास ऑपरेशनचाच भाग आहेत, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगतो.

केटामिनवर भूल. पोट उघडलं तर पू आणि पातळ मळ. आतड्याच्या शेवटच्या वीतभर भागात दोन भोकं. कडा छाटून आडवी शिवली. शिकाऊ ऑफिसरनी दुसरं भोक स्वतः शिवलं, मी फक्त धागा धरला. कोमट सलाइननं पोट चारही कोपऱ्यांत धुतलं. आतला थर बंद केला, कातडी उघडीच ठेवली. अशा घाणीवर कातडी शिवली की जखम पिकणारच, चार-पाच दिवसांनी स्वच्छ झाली की शिवता येते.

रात्री दहाला श्वास २६. ठीक. मी क्वार्टरवर गेलो. दोनच्या सुमाराला मदतनीस बोलवायला आला. मुलाच्या आगोगोंनी, म्हणजे आजींनी, सिस्टरांना उठवलं होतं. माझ्या एका श्वासाला याचे दोन, कधी तीन होताहेत, म्हणाल्या.

मी पोचलो तेव्हा श्वास ४२ होता, ऑक्सिजन ८९. पोट फुगलेलं, पण बरगड्यांच्या खाली जास्त. ऑपरेशन बिघडलं, शिवण सुटली, हे विचार आधी येतात. सिस्टरांनी मात्र सरळ नाकातल्या नळीकडे बोट केलं. पिशवीत दहानंतर काहीच उतरलं नव्हतं. नळी घट्ट चिकट पित्तानं चोंदली होती. वीस मिलीच्या सिरिंजनं सलाइन मारून ती मोकळी केली, तर सहाशे मिली हिरवं पाणी आलं. ताणलेलं जठर खाली बसलं, छाती आणि पोट यांमधला पडदा मोकळा झाला. पहाटे श्वास २८.

हेच सकाळपर्यंत राहिलं असतं तर मुलाला उलटी झाली असती, ती फुप्फुसात गेली असती आणि रजिस्टरात 'टायफॉइड परफोरेशन, मृत्यू' एवढंच लिहिलं गेलं असतं. नळी तुंबली होती, ही नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

आगोगोंना सकाळी 'झिकोमो', म्हणजे धन्यवाद, म्हणालो. त्यांनी हात जोडले आणि पोराला फाला, म्हणजे मक्याची पेज, कधी द्यायची ते विचारलं.

१२ फेब्रुवारी

सकाळपासून वीज नाही. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र, बंद; निर्जंतुक कपड्यांचे दोनच गठ्ठे शिल्लक. एक सिझेरियनसाठी राखून ठेवला; ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलली. भुलीचं यंत्र सुदैवानं विजेवर अडून बसत नाही. हे यंत्र डॉ. पॉल फेंटन यांनी विकसित केलं, आणि त्यांनी भूलतज्ज्ञ म्हणून याच देशात, ब्लांटायरच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात, वर्षानुवर्षं काम केलेलं होतं. वीज गेली तरी ते खोलीतली हवा ओढून चालू राहतं. ज्याला अंधारात भूल द्यावी लागली आहे, त्यानंच बनवलेलं यंत्र आहे, हे वापरताना कळतं.

वॉर्डातले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मात्र बंद. सिलिंडर दोन. ते कुणाला लावायचे हे ठरवायला ऑक्सिमीटर हातात घेऊन फिरलो. ही पिवळी ऑक्सिमीटर सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी काम करणाऱ्या लाइफबॉक्स संस्थेची. संस्थेच्या स्थापनेत अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गावंडे पुढे होते, त्यांचं घराणं मूळचं यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचं. मी हे सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी नकाशावर यवतमाळ शोधायला लावलं.

यंत्र चांगलंच आहे, पण एक ध्यानात ठेवायला हवं, आणि ते आज सगळ्यांसमोर बोललो. गडद कातडीवर कोणताही ऑक्सिमीटर काही वेळा खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. ९२ दिसलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. श्वास वाढलेला असेल तर आकड्यापेक्षा श्वासावर विश्वास ठेवायचा.

२४ फेब्रुवारी

आज तक्त्यावर बैठक. मी केलेल्या तक्त्यात अकरा रकाने होते. रात्रपाळीच्या सिस्टरांनी पेन घेतलं आणि सात खोडले. उरले : वेळ, श्वास, लघवी, आणि 'काय केलं'. चौथा रकाना त्यांच्याच आग्रहानं राहिला. नुसता आकडा लिहून उपयोग काय, त्यापुढे हात काय करणार ते लिहा, असं त्यांचं म्हणणं.

अनुभवी क्लिनिकल ऑफिसरनी नेमका प्रश्न विचारला. २०१८ च्या अभ्यासानंतर त्याच गटानं दुसरा मोठा अभ्यास केला होता, २०२१ साली प्रसिद्ध झाला. धोक्यातल्या पेशंटला सिस्टरांच्या नजरेसमोर ठेवणं, जास्त वेळा तपासणं, नातेवाइकांना जवळ राहू देणं, खाटेशी मार्गदर्शक कागद लावणं. म्हणजे आम्ही करतोय तेच. आणि त्यानं मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. "मग आपण हे कशासाठी करतोय, डॉक्टर?"

प्रश्न टाळण्यासारखा नाही. माझं उत्तर असं होतं : लक्षात येणं आणि त्यावर काही करता येणं यांत अंतर आहे. त्या मुलाच्या वेळी लक्षात आल्यावर हाताशी सिरिंज होती. आपण दर रात्री कुठली गोष्ट हाताशी आहे ते आधी ठरवून ठेवलं तर फरक पडावा. त्यांना ते अर्धंच पटलं. मलाही खात्री देता येणार नाही. तरी भिंतीवरच्या फळीवर एक डबा ठेवला : मोठी सिरिंज, सलाइनच्या दोन बाटल्या, अॅड्रिनालिन, नाकातली नळी, लघवीची नळी, टॉर्च. संध्याकाळी हॅन्डओव्हरला तो उघडून मोजायचा आणि मोजणाऱ्यानं सही करायची.

१४ मार्च

रात्री नऊला वीस-बावीस वर्षांची बाई. पोटदुखी, चक्कर, पाळी दोन महिने चुकलेली. वरचं बीपी ६०, हिमोग्लोबिन ४. गर्भनलिकेतला गर्भ फुटून पोटभर रक्त. तिच्या गटाची एकही पिशवी रक्तपेढीत नाही. गार्डियन म्हणून आलेल्या बहिणीचं रक्त जुळत होतं, पण तपासणी करून पिशवी हातात येईपर्यंत पाऊण तास.

तिचं स्वतःचं रक्त पोटात होतं. भूल देणाऱ्या ऑफिसरला म्हटलं, केटामिन द्या, सुरू करतो. पोट उघडण्याआधी सगळी तयारी टेबलावर मांडली : निर्जंतुक वाडगा, पळी, चार पदरी गॉज ताणलेलं फनेल, गोठू न देणारं द्रव असलेली रक्ताची पिशवी. उघडल्यावर पहिल्यांदा हात घालून फुटलेली नलिका चिमट्यात धरली, रक्त थांबलं. मग पळीनं ताजं रक्त उचललं, गॉजमधून गाळलं, पिशवीत भरलं, हातानं हलवत राहिलो. गुठळ्या घ्यायच्या नाहीत. दीड लिटरच्या आसपास निघालं आणि तिच्या हाताच्या शिरेतून पुन्हा तिच्यात गेलं. टाके घालेपर्यंत बीपी ९० वर.

जुनीच पद्धत आहे. दोन अटी मात्र कडक : रक्त ताजं हवं, चोवीस तासांच्या आतलं, आणि आतडं फाटलेलं नको. शिकाऊ ऑफिसरांपैकी एका ताईंनी संपूर्ण वेळ गाळण्याचं काम केलं. पुढच्या वेळी चिमटा त्यांच्या हातात असेल. मलावीत तातडीची प्रसूतीसंबंधी शस्त्रक्रिया मुख्यतः क्लिनिकल ऑफिसरच करतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या इथल्या जिल्हा रुग्णालयांच्या अभ्यासात ८८ टक्के ऑपरेशनं त्यांनी केलेली होती आणि निकाल डॉक्टरांच्या तोडीचे होते. बाहेरून येणाऱ्या सर्जननं हा आकडा विमानात बसण्याआधी वाचावा.

रात्री बहीण खाटेशी बसली, एक हात स्वतःच्या छातीवर, एक हिच्या. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या गार्डियननं शिकवलं. बायकांच्या वॉर्डात आम्ही अजून कामाला सुरुवातही केलेली नाही.

६ एप्रिल

सिग्मॉइडचा पीळ. मोठ्या आतड्याचा खालचा वळसा स्वतःभोवती फिरतो आणि पोट फुगत जातं. आपल्याकडे मी जेवढे पाहिले त्यापेक्षा इथं कितीतरी जास्त दिसतात. आजचे बाम्बो, म्हणजे बाबा, साठीचे गृहस्थ, सायकलच्या कॅरिअरवर बसून आले, चौथ्या दिवशी. संध्याकाळचे सात, वीज डळमळीत.

पोट दुखरं होतं, पण कडक नव्हतं. ताप नाही, नाडी ९६. आतडं अजून काळं पडलेलं नसावं. म्हणून सुरी न उचलता कुशीवर झोपवून गुदद्वारातून सिग्मॉइडोस्कोप घातला आणि त्यातून रबरी नळी हळूहळू पुढे सरकवली. अडलेल्या जागी जोर करायचा नाही, वाट पाहायची. पीळ सुटला तसा वारा आणि पातळ मळ धो धो आला. क्लिनिकल ऑफिसरांचा एप्रन, जमीन, सगळं. बाम्बोंच्या चेहऱ्यावरचा ताण तिथंच उतरला. आत रक्ताळलेलं पाणी नव्हतं, हे महत्त्वाचं. नळी टाक्यानं कातडीला बांधून टाकली.

१० एप्रिल

बाम्बोंचं ऑपरेशन आज सकाळी, दिवसाउजेडी, वीज असताना, पोट रिकामं असताना. लांबलेला वळसा काढून टोकं जोडली. अनुभवी क्लिनिकल ऑफिसरांनी केलं, मी समोर उभा होतो. त्या रात्रीच उघडलं असतं तर फुगलेलं, मळानं भरलेलं आतडं जोडण्याचं धाडस झालं नसतं आणि पोटावर शौचाचं तोंड काढावं लागलं असतं. इथं कोलोस्टोमीच्या पिशव्या मिळत नाहीत. प्लॅस्टिकची पिशवी आणि कापडाची चुंबळ बांधून माणूस गावात राहतो, लोक लांब बसतात, आणि तोंड बंद करायला परत येण्याचं भाडं जमतच नाही. रात्रीचं ऑपरेशन दिवसावर ढकलता आलं तर रात्रीची निम्मी काळजी तिथंच संपते. हे प्रकल्पात लिहिलं नव्हतं, आता लिहिलं.

११ मे

काल रात्री एक पेशंट गेला. पस्तिशीचा शेतकरी, जांघेतला हर्निया अडकून तीन दिवस. आतडं काळं पडलेलं, फूटभर काढावं लागलं. ऑपरेशन नीट झालं.

त्यानंतरची प्रत्येक गोष्ट जशी व्हायला हवी तशी झाली. खाट टेबलासमोर. गार्डियन धाकटा भाऊ. साडेनऊला त्यानं सांगितलं, श्वास दुप्पट. अकराला, पिशवी रेघेला पोचत नाही. डबा उघडला, सलाइन, ऑक्सिजन, अँटिबायोटिक. बीपी राहिना तेव्हा अॅड्रिनालिनचं थेंबाथेंबानं सलाइन, हातानं मोजत. मध्यरात्री स्पष्ट झालं की व्हेंटिलेटर लागणार. ब्लांटायरला फोन केला, त्यांनी घेतो म्हणून सांगितलं. आमच्या रुग्णवाहिकेत डिझेल नव्हतं. कुणाच्या तरी गाडीतून काढून डिझेल मिळेपर्यंत तीन वाजले. स्ट्रेचर दारापर्यंत नेलं आणि श्वास थांबला. पाऊण तास प्रयत्न केले.

भाऊ सकाळी शवागाराबाहेर उभा होता. आपण सिस्टरांना आणखी लवकर उठवायला हवं होतं का, हे त्याला विचारायचं होतं. क्लिनिकल ऑफिसर त्याच्याशेजारी ओट्यावर बसले आणि चिचेवात, म्हणजे इथल्या भाषेत, बराच वेळ बोलले. तू बरोबर वेळी उठवलंस, दोन्ही वेळा. हे त्यांनी तक्ता उघडून, वेळ दाखवून सांगितलं. तक्त्याचा हा उपयोग आम्ही कुणी कल्पिला नव्हता.

फेब्रुवारीतला प्रश्न आज पुरता समजला. लक्षात आलं, हात चालले, तरी पुढे रस्ता नव्हता. आणि मागेही बघायला हवं : तो हर्निया त्याला सहा वर्षं होता.

२५ मे

म्हणून हर्निया. दर पंधरवड्याला एक दिवस फक्त हर्नियाचा, तेवढीच जागा इंजेक्शननं बधिर करून, भुलीचं यंत्र न अडवता. प्रश्न हर्नियाच्या कमकुवत जागी आधाराला शिवायच्या जाळीचा. बाजारातली जाळी इथल्या माणसाच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढी.

याचं उत्तर आपल्या धुळे जिल्ह्यातून आलेलं आहे. दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांनी मच्छरदाणीचं साधं कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरलं आणि २००३ साली इतर ग्रामीण सर्जनांबरोबर त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुरुवातीला अनेकांनी नाकं मुरडली. पुढे युगांडात स्वीडिश आणि स्थानिक सर्जनांनी सुमारे ३०० पुरुषांवर रीतसर तुलना केली, २०१६ साली ती 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आली : वर्षभरानंतर महाग जाळी आणि मच्छरदाणी यांच्या निकालांत फरक नाही. दोंडाईच्यासारख्या गावातल्या दवाखान्यात सुचलेली गोष्ट आज आफ्रिकेत माणसं वाचवते आहे, याचा मला मनापासून अभिमान आहे, आणि तो मी इथं प्रत्येकाला सांगतो.

एक सूचना भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावली : सरकारी वाटपातली मच्छरदाणी वापरायची नाही, तिच्यात कीटकनाशक असतं. बिनऔषधी कापड वेगळं आणायचं, धुवायचं, तुकडे करून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर. त्याहून वर गेलं की कापड आक्रसतं.

आज पहिली यादी झाली. दुपारपर्यंत सगळे चालत वॉर्डात गेले.

१७ जून

थंडी सुरू. पहाटे शेकोटीभोवती बसलेली पोरं भाजून येतात. आज चार वर्षांच्या मुलीला कातडी लावली. मांडीवरून घेतलेल्या कातडीला ब्लेडनं हातानं छेद देऊन जाळी केली. भाजलेल्या लहान मुलांना श्वासाचा दुपटीचा नियम लागू होत नाही, त्यांचा श्वास मुळातच जलद असतो. बालविभागाच्या सिस्टर त्यांच्यासाठी वेगळी खूण शोधताहेत.

२९ जून

हस्तांतर. रजिस्टर आता अनुभवी क्लिनिकल ऑफिसरांकडे. तक्त्याची मूळ प्रत मेट्रनच्या कपाटात. छपाईला शाई नसली तरी पट्टी घेऊन वहीच्या पानावर चार रेघा मारून तो होतो, म्हणून तसाच ठेवला. टेबलासमोरच्या चारही खाटा मिळाल्या आहेत. बायकांच्या वॉर्डात आणि प्रसूती विभागात नियम गार्डियनांनीच पोचवला होता. आता तिथल्या सिस्टरांनी डबाही मागितला.

मृत्यू कमी झाले का, हे मला विचारलं गेलं. इतक्या थोड्या काळात, एवढ्याशा वॉर्डात त्याचं उत्तर देणं प्रामाणिक होणार नाही. पहाटे पाचला नोंदलेले मृत्यू मात्र कमी दिसतात. जे गेले त्यांच्या शेवटच्या तासांत काय केलं ते चौथ्या रकान्यात लिहिलेलं आहे.

राहिलेली कामं : रात्रीच्या दुसऱ्या सिस्टरांची मागणी जिल्हा कार्यालयाकडे गेली आहे, उत्तर नाही. ऑक्सिजनचे आणखी दोन सिलिंडर हवेत. पोटाचा पीळ नळीनं सोडवणं दोघांना येतं, आणखी दोघांना शिकवायचं. जुलैची हर्नियाची यादी भरली आहे. पुढची बैठक ५ जुलैला, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांबरोबर. विषय एकच ठेवला आहे : रुग्णवाहिकेसाठी रात्री कायम राखून ठेवायचं डिझेल.